मामा, नैरोबीतली बस जनरेटरवर चार्ज होत नाही

गेल्या मंगळवारी संध्याकाळी आई आणि मी वेस्टलँड्सच्या स्टेजवर चाळीस मिनिटं उभ्या होतो. स्टेज म्हणजे इथला बसथांबा. पाऊस भुरभुरत होता. त्या वेळात दोन इलेक्ट्रिक बस आल्या, दोन्हींत बसायला जागा होती, आणि दोन्ही वेळा आईने माझा दंड धरून मला मागे ओढलं. "नको गं, पावसात त्यात करंट उतरतो." शेवटी एक जुनी डिझेलची मटाटू, म्हणजे इथली खासगी मिनीबस, आली. थांबताना तिने काळ्या धुराचा लोट सोडला, आईला खोकल्याची उबळ आली, पर्समधला पंप काढून दोन फवारे घ्यावे लागले आणि मग ती त्याच गाडीत चढली. आईला पंधरा वर्षांपासून दमा आहे.

घरी आल्यावर तिने फोन पुढे केला. कराडहून मामांनी घरच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज. वर ठळक अक्षरांत 'आफ्रिकेतील इलेक्ट्रिक बसचा महाघोटाळा', खाली मुद्दे, शेवटी 'जागे व्हा, पुढे पाठवा'. त्यानंतरच्या दोन दिवसांत तोच मेसेज मला शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर आणि नवऱ्याच्या ऑफिसमधल्या मराठी मित्रांच्या ग्रुपवर दिसला. म्हणजे तो भरपूर फिरतोय.

मेसेजचं म्हणणं असं. आफ्रिकेत वीजच नाही, त्यामुळे नैरोबी, अदिस अबाबा, डाकार इथल्या इलेक्ट्रिक बस रात्रभर डिझेल जनरेटर लावून चार्ज करतात. जिथे वीज आहे तिथे ती कोळशाची. पावसात बसच्या पत्र्यात करंट येतो. बॅटरी दोन वर्षांत संपते आणि मालक कर्जात बुडतो. बॅटरीसाठी लागणारा कोबाल्ट काँगोतली लहान मुलं खणतात. हा सगळा चीनच्या कर्जाचा सापळा आहे. आणि शेवटचं वाक्य: 'ज्यांना दोन वेळचं खायला नाही, त्यांना असल्या बस कशाला?'

मी अकरा वर्षं नैरोबीत राहते आणि विजेच्याच कामात आहे. बाबा पोफळीला कोयनेच्या वीजगृहात होते, आमचं बालपण तिथल्या वसाहतीत गेलं. त्यामुळे 'वीज कुठून येते' हा आमच्या घरात जेवताना बोलायचा विषय होता, आणि मामांनाही तो नवा नाही. म्हणून जास्त राग येतो.

आधी जनरेटर, कारण सगळा मेसेज त्यावरच उभा आहे.

नैरोबीची वाहतूक म्हणजे एसटी किंवा पीएमपी नव्हे. इथे मटाटू चालतात, आणि त्या खासगी मालकांच्या असतात. कुणाची एक गाडी, कुणाच्या चार. हे मालक साकोत नोंदलेले असतात, साको म्हणजे आपल्याकडची पतसंस्थाच. रोज रात्री मालक गल्ला मोजतो, त्यातून डिझेल वजा करतो आणि उरलेल्यातून हप्ता भरतो. हा माणूस दिखाव्यासाठी एक शिलिंगही खर्च करत नाही. आता त्याच्या जागी बसून हिशेब करा. इथे 2022 पासून ज्या पंचवीस आसनी इलेक्ट्रिक बस आल्या, त्यांची बॅटरी साधारण 135 युनिटची. मोठा जनरेटर एक लिटर डिझेलमध्ये तीन-साडेतीन युनिट वीज देतो, त्यातली काही चार्जिंगमध्ये वाया जाते. म्हणजे एक बस पूर्ण भरायला चाळीस-पंचेचाळीस लिटर डिझेल जाळावं लागेल, आणि त्यात ती गर्दीच्या रस्त्यावर दोनशे किलोमीटरच्या आसपास जाईल. तेवढंच डिझेल त्याच आकाराच्या जुन्या गाडीच्या टाकीत ओतलं तरी ती जवळपास तितकीच पळेल. मग जनरेटर विकत घ्यायचा, चार्जर बसवायचा, महागडी बस आणायची, हे सगळं कशासाठी? फायदा शून्य. असा धंदा करणारा मालक महिनाभरही टिकणार नाही, आणि मटाटूच्या धंद्यात तर आठवडाभरही नाही.

मी एक चार्जिंग डेपो रात्री साडेबाराला पाहिला आहे. सहा बस ओळीत उभ्या होत्या. एक मुलगा मनगटाएवढी जाड केबल खांद्यावर टाकून आला, बसच्या बाजूचं झाकण उघडलं, गन आत लावली, 'खट्' आवाज झाला आणि चार्जरचे पंखे घोंघावू लागले. पडद्यावर 23 टक्के दिसले. मग तो पुढच्या बसकडे गेला. डेपोच्या कोपऱ्यात ट्रान्सफॉर्मर होता, रस्त्यावरच्या अकरा हजार व्होल्टच्या लाईनवरून आलेला. आणि हो, एक जनरेटरही होता. कमरेएवढ्या उंचीचा, ऑफिसच्या दिव्यांसाठी आणि कॅमेऱ्यांसाठी. त्यावर एका बसचा चार्जरसुद्धा चालला नसता. कुणी त्याचा फोटो काढून बसच्या फोटोशेजारी चिकटवला असेल तर ती लबाडी आहे, दुसरा शब्द नाही.

मग त्या लाईनमध्ये वीज येते कुठून? हाच खरा प्रश्न आहे आणि नेमका इथेच मेसेज सगळ्यात जास्त चुकतो.

केनियाचं ऊर्जा नियामक मंडळ दर वर्षी विजेची आकडेवारी जाहीर करतं. आपल्याकडे जसा वीज नियामक आयोग, तसं. गेल्या काही वर्षांतला त्यांचा कुठलाही अहवाल उघडा, चित्र तेच आहे: चाळीस टक्क्यांच्या वर वीज जमिनीतल्या वाफेची, त्याखालोखाल पाण्याची, मग वाऱ्याची आणि थोडी सूर्याची. तेल जाळून होणारी वीज दहातला जेमतेम एक हिस्सा. इथे कोळशाचं एकही वीज केंद्र नाही. किनाऱ्यावरच्या लामूला एक बांधायचं घाटत होतं, पण तिथल्या लोकांनी लढा दिला आणि 2019 मध्ये पर्यावरण न्यायाधिकरणाने त्याचा परवाना रद्द केला. आता आपल्याकडे पाहा. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, पारस, भुसावळ. आपल्या महाराष्ट्राची निम्म्याहून जास्त वीज अजून कोळशाची आहे. तेव्हा 'तिकडची वीज घाण' हे वाक्य कराडमध्ये बसून नैरोबीबद्दल लिहिता येत नाही. उलट बाजूने लिहिलं असतं तर त्यात तथ्य असतं.

वाफेची वीज काय असते हे ओल्कारियाला जाऊन पाहावं. नैवाशा तळ्याच्या पलीकडे, नैरोबीहून गाडीने दोन-अडीच तास. दरीत जागोजागी जमिनीतून पांढरे लोट वर जातात, हवेला सडक्या अंड्यांचा वास असतो, आणि चंदेरी पाइप टेकड्यांवरून मैलोन् मैल गेलेले दिसतात. मध्येच पाइप उंच कमान करून वर चढतो आणि पुन्हा खाली येतो. ती कमान जिराफांना खालून जाता यावं म्हणून ठेवलेली आहे. इथे 1981 पासून वीज तयार होते. पहिल्यांदा बाबांना घेऊन गेले तेव्हा त्यांनी तासभर एका टर्बाइनच्या इमारतीबाहेर उभं राहून नुसता आवाज ऐकला होता.

बाबांनीच मला तिथे एक गोष्ट समजावली होती, ती इथे नीट लागू पडते. कोयनेचं पाणी धरणात साठवता येतं. संध्याकाळी मागणी वाढली की दरवाजे उघडायचे, रात्री बंद करायचे. वाफेचं तसं नाही. विहिरीतून वाफ रात्रंदिवस सारखीच येते, ती वापरा नाहीतर आकाशात सोडा. केनियात संध्याकाळी सात-आठला मागणी 2,300 मेगावॉटच्या आसपास जाते आणि मध्यरात्रीनंतर खूप खाली येते. अशा वेळी ओल्कारियाला वाफ हवेत सोडून द्यावी लागलेली आहे. चांगली, धूर नसलेली, फुकट जाणारी ऊर्जा. आणि बस कधी चार्ज होतात? बहुतेक मध्यरात्रीनंतर, पहाटेपर्यंत. म्हणूनच 2023 मध्ये इथे इलेक्ट्रिक वाहनांसाठी वेगळा दर आला, आणि कमी मागणीच्या तासांत तो निम्मा ठेवला. सरकारने कुणावर उपकार केले नाहीत. वाया जाणाऱ्या मालाला गिऱ्हाईक मिळालं.

'या बसमुळे लोकांच्या घरातले दिवे जातील' असंही मेसेजमध्ये एका कंसात आहे. गणित सोपं आहे. हजार बस, प्रत्येकी 135 युनिट, सगळ्या एकाच रात्री अगदी शून्यापासून भरल्या आणि त्याला सहा तास लागले, तर भार होतो 22-23 मेगावॉट. संध्याकाळच्या मागणीच्या एक टक्का, आणि तोही संध्याकाळी नाही. इथल्या रस्त्यांवर अजून हजार बस आलेल्याही नाहीत.

आता जे खरं आहे ते मान्य करते, कारण मामा मला विचारतीलच. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत सुमारे 60 कोटी लोकांच्या घरात वीज नाही, ही फार मोठी आणि लाजिरवाणी गोष्ट आहे. केनियातही साधारण चौघांतल्या एकाकडे अजून ती पोचलेली नाही. 25 ऑगस्ट 2023 च्या रात्री सबंध देश अंधारात गेला होता, विमानतळासकट. आम्ही मेणबत्ती लावून जेवलो. आजही काही भागांत संध्याकाळी लोडशेडिंग होतं. दक्षिण आफ्रिकेची वीज बहुतेक कोळशाचीच आहे, त्यामुळे केप टाऊनच्या बससाठी मेसेजमधला कोळशाचा मुद्दा अर्धा खरा धरावा लागेल. नायजेरियातल्या लागोसमध्ये तर घरोघरी जनरेटर आहेत, आणि तिथे इलेक्ट्रिक बस वाढवणं अवघडच आहे, हे मी नाकारत नाही. पण आफ्रिका हा एक देश नाही, चोपन्न देश आहेत. लागोसचा जनरेटर उचलून नैरोबीच्या डेपोत ठेवायचा म्हणजे बिहारमधली गोष्ट केरळच्या माथी मारायची. आणि खेड्यात तार पोचलेली नसणं हा वायर, खांब आणि पैशांचा प्रश्न आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात: तिकडे घरात कंदील, इकडे रात्री हवेत सोडलेली वाफ. बस बंद केल्याने त्या घरात दिवा लागणार नाही.

इथिओपियाचं, म्हणजे अदिस अबाबाच्या देशाचं, उदाहरण तर मेसेजच्या पूर्ण विरुद्ध जातं. तिथली जवळजवळ सगळी वीज पाण्याची. निळ्या नाईलवरचं त्यांचं 5,150 मेगावॉटचं धरण सप्टेंबर 2025 मध्ये अधिकृतपणे सुरू झालं. कोयनेची सगळी वीजगृहं मिळून 1,960 मेगावॉट आहेत, त्यावरून आवाका लक्षात येईल. तेल मात्र सगळं बाहेरून, डॉलर मोजून. म्हणून 2024 च्या सुरुवातीला त्यांनी पेट्रोल-डिझेलच्या मोटारी आयात करण्यावरच बंदी घातली. घरचं पाणी सोडून बाहेरचं तेल का जाळायचं, एवढा साधा विचार त्यामागे आहे.

पावसातला करंट. याच मुद्द्याने आईला त्या धुरात उभं केलं, म्हणून थोडं सविस्तर. घरातल्या मिक्सरचा किंवा गिझरचा शॉक बसतो कारण घरच्या विजेचं एक टोक जमिनीशी जोडलेला असतो. पत्र्यात वीज उतरली की ती आपल्यातून जमिनीकडे वाट काढते. बसच्या बॅटरीचं तसं नसतं. तिची दोन्ही टोकं बसच्या पत्र्यापासून आणि जमिनीपासून वेगळी ठेवलेली असतात. कुठे पाणी शिरून गळती सुरू झालीच तर एक यंत्रणा ती सतत मोजत असते, आणि मर्यादा ओलांडली की बॅटरीच्या तोंडाशी असलेला स्विच आपोआप उघडतो. बस थांबते. प्रवाशाला करंट लागत नाही. बॅटरीची पेटीही पाणी आत जाणार नाही अशी सीलबंद असते. आणि हे समजून घ्यायला नैरोबीपर्यंत यायचीही गरज नाही. पुण्यात फेब्रुवारी 2019 पासून इलेक्ट्रिक बस चालतात, मुंबईत बेस्टच्या चालतात, 1 जून 2022 ला एसटीची शिवाई पुणे ते नगर धावली. इतके पावसाळे झाले. मामी स्वतः पुण्यात मुलीकडे गेल्या की स्वारगेटहून त्याच हिरव्या-पांढऱ्या बसने जातात, भर जुलैमध्ये. मामा, त्यांना कधी करंट लागला का, हे तुम्ही त्यांनाच विचारायचं होतंत, पुढे पाठवण्याआधी.

बॅटरी दोन वर्षांत संपते हे बिनबुडाचं आहे, त्यावर फार लिहीत नाही. इथे ज्या पद्धतीने बस विकल्या गेल्या त्यात बॅटरी मालकाच्या गळ्यात नसतेच. मालक बसची किंमत बॅटरी वगळून भरतो आणि पुढे किलोमीटरमागे ठरलेले पैसे देतो, 2022 मध्ये ते 20 शिलिंग होते. त्यात बॅटरी, चार्जिंग, देखभाल सगळं आलं. बॅटरी बिघडली तर डोकेदुखी कंपनीची. मालक बुडतो ही भीती ज्याने लिहिली त्याने हा व्यवहार पाहिलेलाच नाही.

कोबाल्ट. काँगोतल्या कोल्वेझीच्या खाणींत मुलं राबतात हे खरं आहे, भयंकर आहे, आणि त्याबद्दल कुणी बोललं तर मी त्याच्या बाजूने उभी राहीन. पण नैरोबीतल्या या बसमध्ये लोह-फॉस्फेटची बॅटरी असते. त्यात कोबाल्ट नसतो. निकेलही नसतो. हीच बॅटरी गरम हवेत जास्त स्थिर राहते, म्हणून बससाठी ती निवडतात. कोबाल्ट असतो तो बहुतेक मोबाइल फोनमध्ये, म्हणजे हा मेसेज ज्यावर लिहिला गेला आणि ज्यावर वाचला गेला त्यांत. त्या मुलांची खरंच काळजी असेल तर बोलणं तिथून सुरू व्हायला हवं. त्यांचं नाव घेऊन खोटं पसरवणं मला सहन होत नाही.

चीन. बस चिनी बनावटीच्या आहेत, बॅटऱ्याही. मान्य. नैरोबीजवळच्या थिकाच्या कारखान्यात आता सुट्या भागांची जोडणी होते, पण भाग तिकडूनच येतात. एकाच देशावर इतकं अवलंबून राहणं मलाही पसंत नाही. पण 'कर्जाचा सापळा' म्हणताना निदान सेनेगलची राजधानी डाकार हिचे कागद पाहायचे. तिथली 18.3 किलोमीटरची स्वतंत्र मार्गिका, 121 इलेक्ट्रिक बस, 23 स्थानकं, आणि गेडियावाये या उपनगरातून शहराच्या मध्यात यायला लागणारा दीड तासाचा वेळ पाऊण तासावर आणण्याचं उद्दिष्ट. यातला कर्जाचा मोठा भाग जागतिक बँक आणि युरोपीय गुंतवणूक बँकेचा आहे, बस चालवण्यात फ्रेंच गुंतवणूकदार आहेत. चीनने बस विकल्या. विकणं आणि कर्जात अडकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि परावलंबनच मोजायचं तर डिझेलचंही मोजा. केनिया पेट्रोल-डिझेलचा प्रत्येक थेंब बाहेरून आणतो, डॉलरमध्ये. जानेवारी 2024 मध्ये डॉलर 160 शिलिंगच्या घरात गेला होता, तेव्हा पंपावरच्या किमती बघून माझ्या ओळखीच्या एका मटाटू ड्रायव्हरने आठवडाभर गाडी बाहेर काढली नव्हती. ओल्कारियाची वाफ डॉलर मागत नाही. बस एकदा विकत घ्यावी लागते, डिझेल रोज.

राहिलं शेवटचं वाक्य. 'ज्यांना दोन वेळचं खायला नाही, त्यांना असल्या बस कशाला?'

मी हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई समोर पोळ्यांची कणीक मळत होत्या. त्या पहाटे साडेपाचला कावांगवारेहून निघतात, दोन मटाटू बदलतात. संध्याकाळी पाऊस आला की भाडं दुप्पट होतं, मग त्या एक टप्पा चालत जातात. नैरोबीत बसने जातो तो गरीब माणूस आणि पगारदार माणूस. श्रीमंत मोटारीच्या काचा वर करून जातात. डिझेलचा धूर थांब्यावर उभ्या असलेल्यांच्या नाकात जातो, रस्त्याच्या कडेने चालणाऱ्यांच्या जातो, मक्याची कणसं भाजत बसलेल्या बाईच्या आणि तिच्या पाठीवर बांधलेल्या बाळाच्या जातो. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2012 मध्येच निःसंदिग्धपणे सांगितलं आहे. म्हणजे बस कुणासाठी हवी, तर ज्यांच्याकडे दुसरं काही नाही त्यांच्यासाठीच. मी ते वाक्य बाईंना भाषांतर करून सांगितलं नाही. मला लाज वाटली.

आणि ते वाक्य आपल्या माणसाने पुढे पाठवावं याचं जास्त वाईट वाटलं. पोफळीच्या वसाहतीत पहिल्यांदा टीव्ही आला तेव्हा 'यांना कशाला हवा' म्हणणारे साहेब होते. ती गोष्ट मामाच दर दिवाळीत सांगतात.

इलेक्ट्रिक बसने सगळं सुटेल असं मी म्हणत नाही. रस्ते तेच, गर्दी तीच, पावसातली भाडेवाढ तीच. माझ्या मार्गावर दोन्ही गाड्यांचं भाडं सारखंच आहे, इलेक्ट्रिक म्हणून एक शिलिंग कमी नाही की जास्त नाही. संख्या अजून फार थोडी आहे, चार्जिंगच्या जागा थोड्या आहेत, आणि बँका मटाटूवाल्यांना सहज कर्ज देत नाहीत. यावर कुणी टीका केली तर मी सोबत आहे.

काल शनिवारी ऊन होतं. मी आईला मुद्दाम इलेक्ट्रिक बसने सिटी मार्केटला नेलं. ती खिडकीशी बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून. सिग्नलला बस थांबली तेव्हा इंजिनचा थरथराट नव्हता, मागच्या सीटवरच्या दोन शाळकरी मुलींचं किकुयू भाषेतलं बोलणं ऐकू येत होतं. आई म्हणाली, "बंद पडली का?" मी म्हटलं, नाही, चालू आहे. येताना तिने पंप काढला नाही. पण पावसात बसेन असं अजून म्हणालेली नाही. मी सांगून तिला पटत नाही, भावाने सांगितलं तर पटेल.

म्हणून मामा, तुम्ही तो मेसेज ज्या ग्रुपांवर टाकलात, त्या सगळ्यांवर हेही टाका. आणि आईला एक फोन करा. ती अजून पाच आठवडे इथे आहे, आणि पाऊस अजून संपलेला नाही.